लाकडाचे छिद्र लाकडानेच मिटवताना: प्लग कटर आणि त्याने कापलेले बूच

सागवानी बाकाची बैठकीची फळी खालच्या चौकटीवर स्क्रूने आवळली, की स्क्रूची डोकी वरून दिसत राहतात. ती झाकण्याचे तीन मार्ग सुतारकामात रूढ आहेत. डोक्यावर लांबी किंवा वूड फिलर भरून वरून पॉलिश मारता येते. बाजारात मिळणारी लाकडी गोल दांडी कापून तिचा तुकडा छिद्रात ठोकता येतो. किंवा त्याच जातीच्या फळीतून एक लहानसे गोल बूच कापून, त्याच्या रेषा भोवतालच्या रेषांशी जुळवून, ते छिद्रात चिकटवता येते. तिसऱ्या मार्गाला वेळ अधिक लागतो आणि त्यासाठी प्लग कटर नावाचे वेगळे पाते ड्रिलला लावावे लागते. तरीही जे फर्निचर वीस-तीस वर्षे वापरायचे आहे त्यात हाच मार्ग धरावा असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागचे कारण केवळ दिसण्याचे नाही. लाकूड झाडापासून वेगळे झाले तरी हवेतल्या ओलाव्यासोबत आयुष्यभर हलत राहते. छिद्रात बसवलेला तुकडा भोवतालच्या फळीसारखाच हलला, तरच तो जोड बंद राहतो.

गोल दांडीचा तुकडा का चालत नाही

लाकूड म्हणजे खोडाच्या उंचीच्या दिशेने धावणाऱ्या बारीक पोकळ तंतूंची, एखाद्या घट्ट बांधलेल्या मोळीसारखी रचना असते. ओलावा वाढला की हे तंतू जाडीने फुगतात आणि ओलावा घटला की आकसतात, पण लांबीने ते जवळपास बदलत नाहीत. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांना समांतर दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि वलयांना छेदणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. तंतूंच्या लांबीत मात्र ही घट साधारणपणे ०.१ ते ०.२ टक्के एवढीच असते. तयार फर्निचरमध्ये हा संपूर्ण प्रवास होत नाही, पण त्याचा काही भाग दरवर्षी होतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा कालांतराने ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ६५ टक्क्यांना तो १२ पर्यंत जातो आणि ८० टक्क्यांना १६ च्या घरात पोहोचतो. विदर्भातला कोरडा मे महिना आणि कोकणातला भर पावसाळा डोळ्यांसमोर आणला, तर एकाच जातीच्या लाकडाला दोन ठिकाणी किती वेगळे वागावे लागते हे ध्यानात येईल.

आता दांडीच्या तुकड्याकडे पाहू. दांडीत तंतू तिच्या लांबीच्या दिशेने असतात, म्हणून ती छिद्रात उभी ठोकल्यावर वरून आपल्याला तंतूंची कापलेली टोके दिसतात. फळीच्या पृष्ठभागावर मात्र तंतू आडवे पसरलेले असतात. या एका फरकातून तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण रंगाची आहे: कापलेल्या टोकांतून पॉलिश, तेल किंवा स्टेन खोलवर शोषले जाते आणि फिकट फळीवर गडद ठिपका उमटतो, जो कितीही घासला तरी जात नाही. दुसरी अडचण आकाराची आहे: फळीतले छिद्र एकाच दिशेने, म्हणजे तंतूंना आडवे, लहान-मोठे होते, तर दांडीचे वर्तुळ सगळ्याच दिशांनी बदलते, आणि तेही सर्वत्र सारख्या प्रमाणात नाही. तिसरी अडचण सहसा कोणी सांगत नाही, पण हाताला तीच सर्वांत आधी जाणवते. कोरड्या हंगामात फळीची जाडी किंचित घटते, दांडीची उंची मात्र तंतूंच्या दिशेने असल्यामुळे तेवढीच राहते. परिणामी काम पूर्ण करताना अगदी सपाट घासलेले दांडीचे टोक काही महिन्यांनी पृष्ठभागाच्या वर येते. हा फरक दशांश मिलिमीटरच्या आसपासचाच असतो, पण पॉलिश केलेल्या टेबलावरून तळहात फिरवला की तो लपत नाही.

फळीच्या दर्शनी बाजूतून कापलेले बूच या तिन्ही बाबतींत फळीसारखे वागते. त्यातले तंतू आडवेच असतात, म्हणून ते पॉलिश तेवढेच पिते. ते त्याच दिशेने आकसते आणि जाडीतही फळीबरोबरच घटते. मात्र हे सारे रेषा जुळवून बसवले तरच खरे ठरते. तेच बूच काटकोनात फिरवून बसवले, तर जिथे छिद्र रुंद होते तिथे बूच होत नाही आणि जिथे बूच आकसते तिथे छिद्र आकसत नाही. दहा मिलिमीटर व्यासाच्या बुचात यामुळे पडणारी फट दशांश-दोन दशांश मिलिमीटरची असली, तरी पॉलिशमध्ये तिची बारीक काळी चंद्रकोर उठून दिसते.

दांडी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. दरवाजाच्या चौकटीचे कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) त्याच्या सालात (ती जीभ बसते त्या खाचेत) पक्के राहावे म्हणून आरपार ठोकलेली बांबूची खिळी किंवा लाकडी खुंटी जोडावरचा भार वाहते, आणि त्या कामासाठी तंतू लांबीच्या दिशेनेच असायला हवेत. आडव्या तंतूंचे बूच तिथे वापरले तर ते पहिल्या धक्क्याला मोडेल. बूच भार वाहत नाही, ते केवळ छिद्र बुजवते. फिलरबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. नव्याने रंधलेले सागवान पिवळसर, कधी हिरवट छटेचे असते आणि उजेडात ते काही आठवड्यांत सोनेरी तपकिरी होत जाते. फिलर तसे बदलत नाही, त्यामुळे आज रंग तंतोतंत जुळला असला तरी पुढच्या वर्षी तो जुळलेला राहत नाही.

कटर कसा असतो

साधे ड्रिल बिट छिद्र पाडते आणि आतले लाकूड भुसा करून बाहेर टाकते. प्लग कटर याच्या उलट भोवतालचे लाकूड काढून टाकतो आणि मधला गोल भाग शाबूत ठेवतो. पोलादाच्या पोकळ नळीच्या तोंडाला दोन, तीन किंवा चार दात असतात आणि नळीच्या भिंतीत भुसा बाहेर पडण्यासाठी खाचा असतात. नळीचा आतला व्यास तेवढा बुचाचा व्यास, ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण कटरच्या बाहेरच्या जाडीचा बुचाच्या मापाशी संबंध नाही.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिल्या प्रकारात नळी आतून सरळ असते आणि बूच वरपासून खालपर्यंत एकाच व्यासाचे निघते. दुसऱ्या प्रकारात नळीची आतली भिंत किंचित उतरती असते, त्यामुळे बुचाचे वरचे तोंड थोडे अरुंद आणि बुडाकडची बाजू थोडी रुंद होते. असे निमुळते बूच अरुंद बाजूने छिद्रात शिरते आणि ठोकत जावे तसे कडेला घट्ट भिडत जाते, म्हणजेच छिद्रात एक-दोन दशांश मिलिमीटरची सैलता असली तरी पृष्ठभागाशी फट राहत नाही. ज्याचे ड्रिल थोडे हलते किंवा ज्याच्या बिटची धार पहिल्यासारखी राहिलेली नाही, त्याने निमुळते बूच काढणारा कटर घ्यावा. सरळ कटरला छिद्र अचूक मापाचे लागते. पण तंतोतंत छिद्र पाडता येत असेल, तर त्याचे बूच भरपूर खोलीपर्यंत सर्व बाजूंनी चिकटते.

निमुळत्या बुचाबाबत एक बारकावा सहसा निसटतो. बूच कापताना फळीचा जो पृष्ठभाग आपल्यासमोर असतो तो बुचाच्या अरुंद तोंडावर येतो, आणि हे तोंड छिद्राच्या तळाशी जाते. बुडाकडचा भाग वर राहतो आणि तोच तासल्यावर दिसतो. म्हणजे अंतिम पृष्ठभागावर दिसणाऱ्या रेषा फळीच्या वरच्या अंगावरच्या नसून तिच्या आत सात-आठ मिलिमीटर खोलीवरच्या असतात. सरळ तंतूंच्या सागवानात याने फारसा फरक पडत नाही, पण डोंगररेषांची नक्षी असलेल्या फळीत वर दिसणारी सुंदर रेषा त्या खोलीवर कुठल्या कुठे सरकलेली असते. म्हणून बुचांसाठी शक्यतो ज्या पट्टीत रेषा सरळ, समांतर आणि जवळजवळ आहेत अशीच पट्टी निवडावी.

सूत आणि मिलिमीटर

आपल्याकडच्या कामात मापाचा घोळ फार सहज होतो. सुतार अजूनही सुतांत बोलतात: आठ सुतांचा एक इंच. बाजारात सहज मिळणारा चार कटरचा संच २, ३, ४ आणि ५ सुतांचा, म्हणजे अंदाजे ६.३५, ९.५, १२.७ आणि १५.९ मिलिमीटरचा असतो. पण पाकिटावर तो अनेकदा ६, १०, १३ आणि १६ असा पूर्णांकात लिहिलेला दिसतो. ड्रिल बिटचे संच मात्र खरोखरच मिलिमीटरचे असतात. ३ सुती कटरचे बूच ९.५ मिलिमीटरचे; ते १० मिलिमीटरच्या छिद्रात टाकले तर अर्धा मिलिमीटर खेळते, आणि गोंद कितीही भरला तरी भोवती कडे दिसतेच. उलट १० मिलिमीटरचे बूच ३ सुती छिद्रात ठोकायला गेले तर ते चिरते किंवा फळीचा काठ फुटतो. म्हणून कटर आणि छिद्राचे बिट एकाच मापपद्धतीचे घ्यावेत, आणि कामाला हात घालण्यापूर्वी टाकाऊ तुकड्यात एक छिद्र व एक बूच करून पाहावे.

माप स्क्रूच्या डोक्यावरून ठरते. ८ नंबरच्या स्क्रूचे डोके सुमारे ८ मिलिमीटरचे असते, त्याला ३ सुती छिद्र पुरते. १० नंबरचे डोके ९.५ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून किंचित मोठे असल्यामुळे ते ३ सुतांत अडकते. तिथे ४ सुती छिद्र घ्यावे. २ सुती बूच नाजूक दिसते, पण ६ नंबरच्या स्क्रूचे डोकेही त्यात मावत नाही.

छिद्राच्या खोलीचा विचार फळीच्या जाडीवरून करावा. २० मिलिमीटर जाडीच्या फळीत ६ मिलिमीटर खोल छिद्र घेतले, तर डोक्याखाली १४ मिलिमीटर लाकूड उरते आणि ते पुरेसे आहे. १२ मिलिमीटरच्या फळीत तेवढीच खोली घेतली तर निम्मे लाकूड उरते, आणि स्क्रू जोरात आवळला तर डोके आरपार घुसण्याची शक्यता असते. अशा पातळ फळीवर बुचाचा हट्ट न धरता जोडाची पद्धतच बदलावी. दुसऱ्या बाजूने, ३-४ मिलिमीटरपेक्षा उथळ बूच तासताना उचकटून येते. आधी रुंद छिद्र आणि मग त्याच्या मध्यावर स्क्रूसाठीचे बारीक छिद्र हा क्रम पाळला, तर फोर्स्टनर (सपाट तळाचे, स्वच्छ काठाचे छिद्र पाडणारे बिट) किंवा मध्यटोकाच्या बिटला नेमका मध्य मिळतो. लोखंडासाठीचे साधे बिट किंवा फ्लॅट बिट छिद्राच्या काठावरचे तंतू ओरबाडते. बूच कितीही सुबक असले तरी काठ तुटलेला असेल तर सगळी मेहनत फुकट जाते.

बूच कापणे आणि सोडवणे

लाकूड शक्यतो त्याच कामातल्या उरलेल्या तुकड्यांचे घ्यावे, कारण एकाच झाडाच्या फळ्यांचा रंग आणि रेषा जुळतात, आणि सागवानाच्या दोन ओंडक्यांत रंगाचा केवढा फरक असू शकतो हे वखारीत जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणूनच कापाकापी सुरू करतानाच प्रत्येक फळीचे एक-दोन तुकडे बाजूला काढून त्यांवर पेन्सिलीने खूण करावी. बुचाचे लाकूड फळीपेक्षा थोडे अधिक कोरडे असले तर उत्तम. छिद्रात बसल्यावर ते ओलावा घेऊन किंचित फुगते आणि कडेला घट्ट होते. ओल्या लाकडाचे बूच उलट वागते: बसवताना घट्ट वाटते आणि वाळल्यावर सैल होते. पावसाळ्यात कापलेली बुचे घरातल्या कोरड्या, उबदार जागी काही दिवस ठेवून मग वापरावीत.

कटरला मध्यटोक नसते. त्यामुळे हातात धरलेल्या ड्रिलला तो लावला की लाकडाला टेकताच पृष्ठभागावर घसरत जातो आणि बुचाचा आकार बिघडतो. स्टँडवरचे ड्रिल असेल तर प्रश्न मिटतो. ते नसेल तर १२ किंवा १८ मिलिमीटर प्लायच्या तुकड्यात कटरच्या बाहेरच्या व्यासाएवढे छिद्र पाडून तो तुकडा पट्टीवर क्लँपने आवळावा. या छिद्रात उतरलेला कटर इकडेतिकडे हलू शकत नाही. पट्टी नेहमी क्लँपमध्ये पकडावी, हातात धरू नये. कटर अडकला तर लहान तुकडा बोटांसह गरकन फिरतो. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि फिरत्या यंत्राजवळ हातमोजे व सैल बाह्या नसाव्यात.

वेग किती ठेवावा हे कटरच्या व्यासावर अवलंबून आहे. मिनिटाला १००० फेऱ्यांवर १० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावरचा दात मिनिटाला सुमारे ३१ मीटर धावतो, तर २५ मिलिमीटरच्या वर्तुळावरचा दात तेवढ्याच फेऱ्यांत जवळपास ७९ मीटर. म्हणून लहान कटरला चालणारा वेग मोठ्या कटरला लाकूड जाळतो. खरे मार्गदर्शन नाक आणि डोळे करतात: जळका वास येऊ लागला किंवा बुचाची बाजू काळपट, चकचकीत दिसू लागली, तर वेग कमी करावा, कटर थोडा खाली नेऊन वर काढावा, भुसा मोकळा करावा आणि मग पुन्हा खाली न्यावा. जळलेल्या बाजूवर गोंद नीट मुरत नाही, त्यामुळे ते बूच वापरू नये. पट्टीच्या काठाला किंचित बाहेर जाईल अशा बेताने कटर ठेवला तर भुशाला बाजूने वाट मिळते आणि उष्णता फारशी साठत नाही. फक्त मधले बूच पूर्ण गोल राहील एवढे पाहावे.

कटर पट्टीच्या आरपार नेऊ नये. आरपार नेला तर बूच सुटून नळीतच अडकते. पट्टी बुचाच्या लांबीपेक्षा पाच-सात मिलिमीटर जाड ठेवावी आणि ड्रिलचा खोलीचा थांबा लावून घ्यावा. मग बुचे बुडाशी पट्टीला जोडलेली, रांगेने उभी राहतात. ती सोडवण्याची झटपट पद्धत म्हणजे गोल फटीत पेचकस घालून हलके उचकटणे. तंतू आडवे असल्यामुळे बूच बुडाशी चटकन मोडते, पण मोड नेहमी सपाट येत नाही. कधी तंतूंच्या कलाने चीर बुचाच्या अंगात शिरते. बरीच बुचे हवी असतील तर दुसरी पद्धत अधिक चांगली आहे. बुचांच्या तोंडांवर मास्किंग टेप सलग चिकटवावी, पट्टी काठावर उभी करावी आणि बँडसॉने किंवा व्हाइसमध्ये पकडून हातकरवतीने बुचांच्या बुडाच्या बेताने तिचे दोन काप करावेत. सगळी बुचे टेपला चिकटलेली, एकाच दिशेच्या रेषांसह हाती येतात. शिवाय कोणते बूच पट्टीच्या कोणत्या जागेवरचे हेही टेपवर दिसते, आणि त्यामुळे रंग जुळवणे सोपे होते. गरजेपेक्षा दीडपट बुचे कापावीत, कारण प्रत्येक छिद्राशी चार-पाच बुचे धरून पाहिल्यावर त्यांतले एक अगदी मिसळून जाते.

बसवणे आणि तासणे

गोंद छिद्राच्या भिंतीला, काडीने, पातळ लावावा. छिद्र गोंदाने भरून वरून बूच ठोकले तर आत कोंडलेला द्रव बुचाला तळापर्यंत जाऊ देत नाही, आणि आज खाली बसलेले बूच उद्या वर आलेले दिसते. पांढरा पीव्हीए गोंद घरातल्या फर्निचरला पुरतो. पाण्यात भिजणाऱ्या कामासाठी जलरोधक गोंद किंवा इपॉक्सी घ्यावे. स्क्रूचे डोके लोखंडी असेल आणि लाकूड बाभूळ किंवा खैरासारखे टॅनिनयुक्त असेल, तर ओलाव्याने डोक्याभोवती निळसर काळा डाग पसरतो आणि तो बुचाच्या कडेतून वर येऊ शकतो. तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरावा.

बूच छिद्राच्या तोंडावर ठेवून रेषा जुळवाव्यात आणि मगच मोगरीने हलके ठोकावे. एकदा ते घट्ट बसले की पकडीने फिरवून दिशा सुधारता येत नाही, मोडतेच. ठोकताना आवाजाकडे लक्ष द्यावे: बूच तळाला टेकले की बोथट आवाज बदलून भरीव होतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक फटका बूच चिरण्याचे काम करतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने चोळून पसरवू नये. तो सभोवतालच्या लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत जातो आणि पॉलिशखाली फिकट डाग उमटतो. तो चिवट झाला की पटाशीच्या टोकाने खरवडून काढावा. त्यानंतर बूच रात्रभर तसेच ठेवावे.

तासण्याच्या टप्प्यावर चांगले काम सर्वांत जास्त वेळा बिघडते, म्हणून तो सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे. बुचातले तंतू पृष्ठभागाला अगदी समांतर क्वचितच असतात. बहुधा ते एका बाजूला किंचित वर आणि दुसऱ्या बाजूला किंचित खाली कललेले असतात. पटाशी खाली उतरणाऱ्या तंतूंच्या दिशेने चालवली, तर ढलपी तंतूंच्या कलाने फळीच्या पातळीखाली चिरत जाते आणि बुचात खड्डा पडतो. म्हणून पहिला काप पातळीपासून दोन-अडीच मिलिमीटर वर घ्यावा आणि ढलपी कशी सुटली ते निरखून पाहावे. उरलेल्या बुचाचा वरचा भाग आपल्यापासून दूर जाताना चढत असेल तर त्याच बाजूने पुढचे काप घ्यावेत. उतरत असेल तर फळीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन तिकडून काप घ्यावेत. चढत्या दिशेने कापताना ढलपी वरच्या बाजूला सुटते आणि चीर खाली शिरत नाही. पटाशी धारदार हवी, तिची सपाट बाजू फळीवर टेकलेली हवी, आणि प्रत्येक कापात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त घेण्याची घाई नसावी.

लवचीक पात्याच्या, दात बाहेर न वळवलेल्या करवतीनेही बूच कापता येते. त्या वेळी फळीवर जाड कागदाचा तुकडा, बुचाएवढे भोक पाडून, ठेवला तर पृष्ठभागावर ओरखडे पडत नाहीत आणि कागदाच्या जाडीएवढे बूच वर राहते, ते रंध्याने किंवा ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने सपाट करता येते. पट्टा किंवा डिस्क सँडरने थेट बूच घासत बसू नये. यंत्र एका जागी रेंगाळते आणि बुचाभोवती उथळ खोलगा तयार होतो, जो पॉलिशच्या चमकेत लगेच दिसतो.

स्क्रू झाकण्यापलीकडचे उपयोग

पाइनच्या फळीतली सुटलेली गाठ काढून तिथे २५ मिलिमीटरचे बूच बसवणे, जुन्या कपाटाची मूठ बदलल्यावर उरलेली छिद्रे बुजवणे, ही कामे वर सांगितलेल्या पद्धतीनेच होतात. याहून उपयुक्त आणि आपल्याकडे दुर्लक्षित असलेला उपयोग बिजागरीचा आहे. दाराच्या बिजागरीचा स्क्रू सैल झाला की छिद्रात काडेपेटीच्या काड्या किंवा गोल दांडीचा तुकडा ठोकून पुन्हा स्क्रू आवळतात. दांडीत स्क्रू तंतूंच्या लांबीच्या दिशेने शिरतो आणि त्याचे आटे तंतूंना एकमेकांपासून अलग करत जातात, म्हणून ती पकड थोड्याच दिवसांत पुन्हा ढिली होते. फळीच्या दर्शनी बाजूतून कापलेले खोल, सरळ बूच तिथे चिकटवले, तर स्क्रू तंतूंना आडवा जातो आणि आटे प्रत्येक तंतूला कापून त्यात रुततात. ही पकड कोऱ्या लाकडाइतकीच भरवशाची असते.

बूच लपवण्याऐवजी मुद्दाम दाखवणे हीसुद्धा एक जुनी आणि प्रामाणिक रीत आहे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथे चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या वास्तुकार बंधूंनी १९०८ साली बांधलेल्या गँबल हाउसमध्ये लाकडी जोडांवर गडद रंगाची चौकोनी, कडा गोलसर केलेली बुचे दिसतात; ती हाताने कोरलेल्या चौकोनी खोबणीत बसवलेली असतात, कटरने कापलेली नसतात. कटरने तेच काम गोल आकारात करता येते: सागवानात शिसवाचे बूच उठून दिसते. असे करताना बुचांमधली अंतरे काटेकोर मोजावीत आणि सगळ्या रेषा एकाच दिशेला ठेवाव्यात, कारण दाखवण्यासाठी बसवलेल्या बुचाची चूक कोणत्याही पॉलिशखाली झाकत नाही. प्लायवर किंवा एमडीएफवर मात्र जुळणारे बूच बसवण्याचा खटाटोप करू नये. त्या फळ्या आडव्या-उभ्या थरांच्या किंवा दाबलेल्या बारीक लाकडी तंतूंच्या असल्याने बुचाच्या हालचालीला तिथे जोडीदारच नसतो.

बूच परत काढावे लागले तर

शौकाच्या नौकांवरच्या जुन्या पद्धतीच्या सागवानी डेकवर प्रत्येक पट्टी स्क्रूने आवळून त्यावर बूच बसवलेले असते, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने लाकूड झिजले की बुचे पातळ होऊन निघू लागतात. तेव्हा स्क्रू काढून छिद्र अधिक खोल करतात आणि नवे बूच बसवतात. पुढे स्क्रूपर्यंत पोहोचावे लागणार हे ठाऊक असल्यामुळे अनेक नौकाकारागीर बूच गोंदाऐवजी वॉर्निशमध्ये बुडवून बसवत आले आहेत. वॉर्निश पाणी रोखते, पण गोंदासारखे कायमचे बांधून टाकत नाही. घरातल्या फर्निचरमध्येही जो भाग कधीतरी सोडवावा लागेल, उदाहरणार्थ पलंगाची बाजूपट्टी, तिथे हीच युक्ती वापरावी.

गोंदाने बसवलेले बूच काढायचे असेल तर त्याच्या मध्यावर बारीक छिद्र पाडून त्यात एक बारीक स्क्रू फिरवत जावे. त्याचे टोक खालच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकले की पुढची प्रत्येक फेरी बुचाला वर ढकलते, आणि ते बहुधा अखंड किंवा दोन तुकड्यांत बाहेर येते. भिंतीला उरलेला गोंद अरुंद पटाशीने खरवडून घ्यावा. छिद्राचा काठ दुखावला असेल तर एक माप मोठ्या बिटने ते पुन्हा स्वच्छ करावे. तीन सुतांच्या जागी चार सुती बूच बसवले तर कोणाच्या लक्षातही येत नाही, मात्र त्या रांगेतली बाकीची बुचेही चार सुतीच करावीत.

कटरची निगा थोडक्यात सांगता येते. धार बोथट झाली की दातांच्या सपाट पुढच्या बाजूवर बारीक दगड फिरवावा. नळीच्या आतल्या भिंतीला दगड लावू नये, कारण तिथले पोलाद घासले गेले तर आतला व्यास वाढतो, बूच जाड निघते आणि ज्या बिटच्या जोडीने तो कटर घेतला होता त्याच्या छिद्रात ते बसत नाही.